रात्रभर ओट्यावर राहिलेलं अन्न: खावं की टाकावं?

सकाळी ओट्यावर झाकलेलं पातेलं दिसतं आणि लक्षात येतं, रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवायचा राहूनच गेला. झाकण काढून वास घेतला जातो. सासूबाई म्हणतात, “काही झालेलं नाही, फोडणीला टाक.” सून म्हणते, “नको आई, जाऊ द्या.” कॉलेजातला मुलगा दोन शितं तोंडात टाकतो आणि “एकदम मस्त!” म्हणून मोकळा होतो. बहुतेक घरांत शेवटी त्याचंच ऐकलं जातं, कारण अन्न टाकणं सगळ्यांच्याच जिवावर येतं.

पण या कामात नाक आणि जीभ भरवशाची नाहीत. अन्न नासवणारे जीवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जीवाणू बहुतेक वेळा वेगळे असतात. नासवणारे लपून राहत नाहीत. आमटीवर फेस येतो, उसळीला तार सुटते, भाजी बुळबुळीत होते, झाकण उघडताच आंबूस वास येतो. आजारी पाडणारे मात्र लाखोंनी वाढले तरी पदार्थाचा रंग, वास, चव जशीच्या तशी राहू शकते. तेव्हा वासाचा उपयोग एकाच बाजूने करायचा. वास आला तर चर्चा न करता टाकायचं. वास आला नाही म्हणून खायला हरकत नाही, असं मात्र धरायचं नाही. आणि चाखून खात्री करून घेणं म्हणजे तर ज्याची शंका आहे तेच पोटात घालणं.

मग ठरवायचं कशावर? पदार्थ कोणता, तो बाहेर किती वेळ राहिला, तिथे उकाडा किती होता आणि तो कोण खाणार आहे, एवढ्यावर. यांतली वेळ बघायला घड्याळ पुरतं, म्हणून आधी तीच घेऊ.

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जीवाणू झपाट्याने वाढतात. आपलं स्वयंपाकघर बाराही महिने या पट्ट्यात असतं, डिसेंबरातल्या महाबळेश्वरचंसुद्धा. शिजवलेलं अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे रात्री अकरालाही स्वयंपाकघर याहून गरम असतं. ऑस्ट्रेलियातला नियम थोडा सैल आहे: दोन तासांच्या आत असेल तर फ्रीजमध्ये ठेवता येतं, दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खाऊन संपवायचं, चार तासांनंतर टाकायचं. मला हा नियम आपल्या घरांना जास्त पेलण्यासारखा वाटतो. मात्र वेळ तुकड्यातुकड्याने मोजायची नाही. जेवणाच्या टेबलावर तासभर, मग फ्रीजमध्ये, संध्याकाळी पुन्हा तासभर बाहेर, हे सगळं एकाच हिशेबात धरायचं.

हे तास अगदीच कंजूष वाटतात. पण अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री दहाला एक असेल तर पहाटे पाचपर्यंत एकवीस वेळा दुप्पट होऊन तो वीस लाखांच्या वर गेलेला असतो. आणि सुरुवात सहसा एकापासून होतही नाही.

भात, आणि ‘उकळलं की सगळं मरतं’

आपल्याकडे सगळ्यात जास्त बाहेर राहतो तो भात, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याचबद्दल आहेत. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात. ते मातीतून येतात, तांदूळ कितीही धुतले तरी राहतात आणि भात शिजतानाच्या उष्णतेलाही पुरून उरतात. भात गरम असेपर्यंत ते निपचित पडून असतात. तो कोमट झाला की त्यांना अंकुर फुटतो, ते वाढायला लागतात आणि एक विष तयार करतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. घरच्या प्रेशर कुकरमध्येही साधारण एवढंच तापमान गाठलं जातं. मग कढईतल्या पाच मिनिटांच्या फोडणीने काय होणार? जीवाणू मरतील, विष तसंच राहील. ते पोटात गेलं की अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात.

हा प्रकार डॉक्टरांच्या ठळकपणे नजरेत भरला तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत. तिथे भात आधी शिजवून बाहेर ठेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की परतून द्यायचे. आपल्या फोडणीच्या भाताची कृती याहून फार वेगळी नाही. बहुतेकांना उलट्या होऊन दिवसभरात बरं वाटतं. पण २००८ साली ब्रसेल्समध्ये वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यावर यकृत निकामी होऊन दगावला. असं क्वचितच घडतं, पण घडलेलं आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, “आमचे आजोबा रोज शिळा भात खाऊन नव्वदीपर्यंत जगले.” जगले असतील. त्यांचा उरलेला भात बहुधा ताकात कालवून ठेवलेला असायचा आणि आंबट पदार्थात हे जीवाणू सहजी वाढत नाहीत. शिवाय तेव्हा कुणाचं पोट बिघडलं की ‘उष्णता झाली’, ‘दृष्ट लागली’ किंवा नुसतंच ‘बाधलं’ म्हणत. भाताचं नाव कुणी घेत नसे. फोडणीचा भात सोडायचं मात्र कारण नाही. रात्री जेवणं झाल्याबरोबर भात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत परतला, तर खुशाल खावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकावा, वास आलेला नसला तरीही.

‘कुकर उघडलाच नव्हता, मग आत काय जाणार?’ हाही नेहमीचा प्रश्न. कुकर थंड होताना आतली वाफ आटते आणि शिट्टीच्या वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यातून काही बीजाणू आतच जिवंत राहिलेले असतात ते वेगळेच. न उघडलेला कुकर म्हणजे हवाबंद डबा नव्हे. वरण-भाताला घड्याळ तेच.

रस्सा, आमटी, खिमा, उसळ यांचा धोका जरा वेगळा आहे. बारशाला किंवा लग्नघरी मोठ्या टोपात केलेला मटणाचा रस्सा गॅस बंद केल्यावरही तासन्‌तास कोमट राहतो. वरून गार लागला तरी मधोमध ऊब असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जीवाणूला ४३ ते ४७ अंशांची अशी ऊब फार मानवते. त्यात तो दहा मिनिटांच्या आतसुद्धा दुप्पट होऊ शकतो. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब. हा खळखळून उकळल्यावर मरतो, पण वाढप्याने पंक्तीपुरता कोमट केलेल्या रश्श्यात त्याची चंगळ होते. आता टोपात यातला कोण बसला आहे, उकळून जाणारा की विष मागे ठेवून जाणारा, हे आपल्याला कळायला काही मार्ग नाही. म्हणून ‘उकळून घेऊ’ हा उपाय वेळेत फ्रीजमध्ये ठेवलेल्या अन्नासाठी आहे. रात्रभर विसरलेल्यासाठी नाही.

दूध, मिठाई आणि बांगडा

बासुंदी, पेढे, कलाकंद, खरवस, रसमलाई यांना हात लागतो आणि मग ते बाहेर मांडले जातात. स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू आपल्या नाकात, त्वचेवर, बोटाच्या पिकलेल्या जखमेत असतो. तो मिठाईत उतरला आणि त्याला उबेत काही तास मिळाले, की त्याचंही विष तयार होतं आणि तेही उकळीने जात नाही. म्हणून पूजेनंतर दुपारभर चौरंगावर राहिलेला पेढा प्रसाद म्हणून चिमूटभर घ्यावा आणि बाकीचे पेढे सुरुवातीपासून फ्रीजमध्ये असावेत. देवाला त्यातलाच नैवेद्य चालतो. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांनी सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहायचं आहे. ती पाटी बघा, नसेल तर विचारा. कलाकंद ज्या दिवशी केला त्याच दिवशी संपवायचा असतो, हे विकणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. उकडीचे मोदकही त्याच दिवसाचे. ओला नारळ उबेत फार टिकत नाही, हे गणपतीत केलेल्या सारणाचा वास दुसऱ्या दिवशी घेतलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मासळीत बांगडा, कुपा आणि तारली यांच्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. मग तळा, भाजा किंवा कालवण करा, ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लालबुंद होतं, खाज सुटते, डोकं ठणकतं. माणसं त्याला मासळीची अ‍ॅलर्जी समजतात आणि पुढे आयुष्यभर बांगडा खात नाहीत. दोष बांगड्याचा नसतो, बाजारातून घरी येईपर्यंत पिशवीत गेलेल्या वेळेचा असतो. उन्हाळ्यात बाजारात जाताना पिशवीत बर्फाचा डबा न्यावा आणि मासळी सगळ्यात शेवटी घ्यावी. कोळणीकडे बर्फ मागायला लाजू नये, ती देते.

बाहेर टिकतं ते का टिकतं

आता दिलासा देणारी बाजू. जीवाणूंना पाणी लागतं आणि फार आंबट, फार खारट, फार गोड त्यांना सोसत नाही. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गुळाची पोळी यांत मोकळं पाणी जवळपास नसतंच. लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि वर तेलाचा थर असतो. त्यांना फ्रीज नको, कोरडा चमचा हवा. त्यांचं बिघडणं म्हणजे बहुधा खवट होणं. पूर्वी रेल्वेच्या लांबच्या प्रवासाला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे आणि लसणीची चटणी बांधून द्यायचे, ते याच हिशेबाने. दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असलं तरी ती भाजली की कोरडी होते. त्याच डब्यात कोपऱ्यात बसवलेली बटाट्याची ओलसर भाजी मात्र पहिल्याच जेवणाला संपवायची.

पोळी-भाकरी दुरडीत फडक्याखाली दुसऱ्या दिवसापर्यंत सहसा चांगली राहते, म्हणून फोडणीची पोळी फोडणीच्या भाताइतकी काळजीची नाही. पावसाळ्यात तिच्यावर हिरवट-काळा ठिपका दिसला तर तेवढाच भाग तोडून बाकीची खाऊ नका. पोळी, पाव, जॅम यांसारख्या मऊ पदार्थांत बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. पुरणपोळी घट्ट शिजवलेल्या पुरणामुळे दिवसभर निभावते. कटाची आमटी नाही. ती आमटी आहे, तिला आमटीचेच नियम.

दही रात्रभर बाहेरच लागतं आणि इडलीचं पीठ बाहेरच फुगतं, मग ते कसं चालतं? विरजणातले जीवाणू दुधाचं आम्ल करतात आणि त्या आंबटपणात इतरांचं फारसं चालत नाही. विरजण न लावता बाहेर राहिलेल्या दुधाला ही सोय नसते. रात्रभर बाहेर राहिलेलं दूध सकाळी तापवून फाटलं नाही, एवढ्यावरून ते चांगलं आहे असं ठरत नाही.

जाता जाता: चिरलेला कांदा हवेतले सगळे जंतू शोषून विषारी होतो, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर खोटा आहे. चिरलेला कांदा झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, इतर चिरलेल्या भाज्यांसारखाच. त्यापेक्षा कापून ठेवलेल्या कलिंगडाची आणि पपईची काळजी करा. ती आंबट नसतात, रसाळ असतात, आणि रस्त्यावरच्या गाडीवर उन्हात किती वेळ होती ते कुणी सांगत नाही.

डब्याचं काय?

सकाळी सातला भरलेला डबा एक वाजता उघडतो. दोन तासांचा नियम काटेकोरपणे लावला तर अर्ध्या महाराष्ट्राला डबा बंद करावा लागेल. तसं कुणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. ताज्या शिजवलेल्या भाजी-पोळीत निरोगी माणसासाठी धोका कमी असतो. तो वाढतो तो डब्यात भात, वरण, अंडाकरी, पनीर, चिकन किंवा खीर असते तेव्हा, आणि त्यातही आदल्या दिवशीचं असेल तर. हे न्यायचंच असेल तर उष्णता धरून ठेवणारा डबा घ्या, तो आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं तापवा आणि मग वाफाळतं अन्न त्यात भरा. किंवा उलट करा: रात्रीच गार केलेला डबा फ्रीजमधून काढून न्या, कचेरीत पोचल्याबरोबर तिथल्या फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना चांगला गरम करा. कोमट भरून कोमट नेणं हा सगळ्यात वाईट प्रकार. एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या शाळेच्या डब्यात दहीभातापेक्षा थालीपीठ द्यावं, असं माझं मत आहे. दही आंबट असलं तरी आया त्यात भरपूर दूध घालतात आणि आंबटपणा तिथेच पातळ होतो.

उरलेलं फ्रीजमध्ये ठेवताना ‘पूर्ण गार होऊ दे’ म्हणून ओट्यावर सोडलं जातं, आणि विसरलं जातं ते तिथेच. पूर्ण गार व्हायची वाट बघू नका. मोठं पातेलं तसंच आत सारण्याऐवजी अन्न दोन-तीन पसरट डब्यांत काढा. घाई असेल तर डबे परातीत गार पाणी घालून त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग फ्रीजमध्ये. फ्रीज आतून ५ अंशांच्या खाली असायला हवा. खचाखच भरलेल्या फ्रीजमध्ये हवा खेळत नाही, त्यामुळे तो बाहेरून चालू दिसला तरी आत पुरेसा गार असेलच असं नाही. फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवा, आणि कुठलाही पदार्थ गरम करायचा तर लागेल तेवढाच काढून, एकदाच, मधोमध वाफ येईपर्यंत.

वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. त्यानंतर दूध, शिजवलेलं अन्न, मासळी-मटण काढून टाकावं लागतं. लोणी, लोणची, सॉस, अख्ख्या भाज्या राहू द्याव्यात. गावाला जाताना फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं, तर मधे वीज बराच वेळ गेली होती आणि सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे असं समजा. २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात घराघरांत पुराचं पाणी शिरलं, तशा वेळी तर प्रश्नच उरत नाही: पुराचं पाणी लागलेलं अन्न, झाकणाच्या बरणीतलं लोणचंसुद्धा, टाकायचं.

कोण खाणार, यावरही निकाल बदलतो. चार तासांच्या काठावरची भाजी धडधाकट माणसाने खाल्ली तर बहुधा काही होणार नाही. तीच गरोदर बाईला, वर्षा-दोन वर्षांच्या मुलाला, सत्तरीपुढच्या आजींना, मधुमेह असलेल्याला किंवा केमोथेरपी चालू असलेल्याला देऊ नये. आणि आपल्याला खायची भीती वाटते ते अन्न कामाला येणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनला देण्याची जी पद्धत आहे, ती सरळ बंद करावी. त्यांचं पोट आपल्यापेक्षा पक्कं नसतं, आणि आजारी पडल्यावर त्यांचा दिवसाचा पगार मात्र बुडतो. द्यायचं असेल तर रात्रीच, ताजं असताना द्या. गाईपुढेही आंबलेला भात आणि बुरसटलेली पोळी टाकू नये. तिलाही ते सोसत नाही.

एवढं करूनही खाल्लं गेलं आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पहिलं काम शरीरातलं पाणी भरून काढण्याचं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. ते नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. मीठ याहून जास्त नको. थोडं थोडं, घोटाघोटाने देत राहा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. शौचातून रक्त, जोराचा ताप, पाण्याचा घोटही न टिकणं, सात-आठ तास लघवी न होणं, गुंगी येणं, दोन-दोन दिसणं किंवा गिळायला त्रास होणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठा. राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. एकाच पंगतीतल्या अनेकांना त्रास झाला असेल तर उरलेलं अन्न घाईघाईने फेकू नका. ते स्वच्छ डब्यात, चिठ्ठी लावून, कुणी खाणार नाही अशा बेताने फ्रीजमध्ये ठेवा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. कशामुळे झालं ते त्या डब्यावरूनच तपासता येतं.